मऊ जमिनीवर फ्लोअर जॅक : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

पावसाळा तोंडावर आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. ताम्हिणी, पानशेत, मढे घाट या बाजूंना चारचाकी घेऊन जाणाऱ्या पुण्यातील वाचकांनी या वेळी एकच गोष्ट वेगवेगळ्या प्रकारे विचारली आहे : गॅरेजच्या फरशीसाठी बनवलेला फ्लोअर जॅक (लहान चाकांवर सरकणारा, गाडी उचलण्याचा हायड्रॉलिक जॅक) चिखलात, मुरमावर आणि शेतवाटेवर वापरता यावा यासाठी त्यात काय बदल करावेत? ज्या प्रश्नांची उत्तरे इतरांनाही उपयोगी पडतील, ते प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : माझ्याकडे महिंद्रा थार आहे आणि घरी तीन टनी फ्लोअर जॅक आहे. मुळशीच्या बाजूला भातखाचरांमधल्या कच्च्या वाटेवर मागचे चाक पंक्चर झाले, तेव्हा मी तोच जॅक लावला. गाडी उचलली जाण्याऐवजी जॅकचीच पुढची चाके मातीत गेली आणि वरची वाटी ॲक्सलवरून सरकू लागली, म्हणून मी काम थांबवले. जॅकच्या खाली लोखंडी पत्रा वेल्ड करून मोठी चाके बसवली तर अडचण दूर होईल का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : काम थांबवलेत ते अगदी योग्य केलेत. आपल्या जॅकची ताकद कोठेही कमी पडलेली नाही. थारचे वजन पावणेदोन टनांच्या आसपास असते आणि मागचे एक चाक उचलताना त्याचा एक हिस्साच जॅकवर येतो. कमी पडली ती जॅकखालची जमीन. फ्लोअर जॅकची लहान लोखंडी चाके सिमेंटच्या सपाट फरशीवर फिरण्यासाठी केलेली असतात आणि ती चारही मिळून फार तर 15 ते 20 चौरस सेंटिमीटर जागेवर टेकतात. सुरक्षिततेसाठी भार एक टन धरला, तर दर चौरस सेंटिमीटरला 50 किलो किंवा त्याहूनही अधिक दाब पडतो. याउलट 70 किलो वजनाचा माणूस एका पायावर उभा राहिला, तर सुमारे 200 चौरस सेंटिमीटरच्या तळव्याखाली दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम 0.35 किलो दाब येतो. ज्या खाचराच्या बांधावर आपले पाऊल रुतते, तेथे या चाकांचा निभाव लागणे शक्यच नाही.

दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे, पण त्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. फ्लोअर जॅकचा हात सरळ वर जात नाही. तो एका टोकाशी खिळलेला असल्यामुळे वर्तुळाच्या कमानीत फिरतो. वाटी वर जाताना थोडी मागेही जाते आणि तेवढे अंतर भरून काढण्यासाठी संपूर्ण जॅकने गाडीखाली पुढे सरकावे लागते. त्याची चाके केवळ ओढून नेण्याच्या सोयीसाठी नसतात. गाडी उचलली जात असताना ती फिरणे हा त्याच्या कामाचाच भाग असतो. चाके रुतली की जॅक जागीच अडकतो, हात मात्र आपली कमान सोडत नाही, आणि मग वाटी ॲक्सलवरून घसरते किंवा गाडीच ओढली जाते. आपल्याला वाटी सरकताना दिसली ती याचमुळे. म्हणून कोणताही बदल करताना दोन अटी पाळल्या गेल्या पाहिजेत : भार मोठ्या क्षेत्रावर पसरला पाहिजे आणि जॅकला सरकायला वाव राहिला पाहिजे. नुसता पत्रा वेल्ड केला तर पहिली अट पुरी होते आणि दुसरी मोडते.

माझा सल्ला असा की जॅकला हात लावण्यापूर्वी त्याच्यासाठी एक स्वतंत्र, सुटी फळी तयार करून घ्यावी. सुमारे 90 सेंटिमीटर लांब आणि 40 सेंटिमीटर रुंद अशी 18 मिलिमीटर जाडीच्या मरीन प्लायची दोन पाने एकमेकांवर चिकटवून स्क्रूने आवळावीत. भवानी पेठेतील टिंबर मार्केटमध्ये मरीन प्लाय सहज मिळतो. त्यावर आयएस 710 हा मानकाचा शिक्का पाहून घ्यावा, कारण साधा प्लाय पाण्यात पाने सोडतो. एकाच पानावर भागवू नये. पातळ फळी भाराखाली वाकते आणि वाकली की भार पुन्हा मधल्या थोड्याशा जागेवर गोळा होतो. वरच्या बाजूला तीन मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा बसवावा, म्हणजे जॅकची चाके लाकडात खड्डा न पाडता फिरतील. पुढच्या आणि मागच्या कडेला ॲंगलची पट्टी उभी लावावी, म्हणजे जॅक फळीवरून उतरणार नाही. खालच्या बाजूला, आडव्या दिशेने, साधारण 25 मिलिमीटरच्या दोन ॲंगल पट्ट्या लावल्या तर त्या मातीत रुतून फळीला जागेवर धरतील. एवढ्या फळीखाली दर चौरस सेंटिमीटरला सरासरी 0.28 किलो दाब येतो, म्हणजे एका पायावर उभ्या राहिलेल्या माणसापेक्षाही कमी. तिचे वजन साधारण 12 किलो भरेल.

मात्र हा दाब सरासरी आहे, हे ध्यानात ठेवावे. उचलायला सुरुवात करताना वाटी पुढच्या चाकांच्या जवळ असते आणि बहुतेक भार त्यांच्यावरच असतो. हात वर जातो तसा भार मागे सरकतो. म्हणूनच सुरुवातीला जॅक नाकावर बसतो. त्यावर उपाय म्हणजे पुढच्या चाकांच्या पुढेही फळी निदान 10 ते 15 सेंटिमीटर शिल्लक राहील अशा बेताने जॅक ठेवणे. चाके फळीच्या अगदी टोकाशी असतील, तर ते टोक फावड्यासारखे मातीत घुसेल. लांबी मोजताना आपल्या जॅकची लांबी, पुढची शिल्लक जागा आणि सरकण्याचे अंतर या तिन्हींची बेरीज करावी. जॅक लांब असल्यास फळी मीटरभर घ्यावी.

आता आपण विचारलेल्या कायमच्या बदलाविषयी. परदेशात ऑफ-रोड वापरासाठी जे फ्लोअर जॅक मिळतात, त्यांच्या पोटाखाली जाड पत्र्याचा तळ असतो आणि बाजूंना मोठ्या व्यासाची रुंद चाके असतात. त्यांच्या रचनेतील खुबी चाकांच्या उंचीत आहे. चाके तळाच्या पत्र्यापेक्षा थोडीशीच, म्हणजे सुमारे एक ते दीड सेंटिमीटर खाली राहतील अशी बसवलेली असतात. कडक जमिनीवर जॅक चाकांवर फिरतो. मऊ जमिनीत चाके तेवढीच रुततात आणि मग सगळा भार पत्रा घेतो. पत्र्याच्या कडा वर वळवलेल्या असल्यामुळे तो वाळूवर किंवा चिखलावर सरकूही शकतो. मोठी चाके बसवून जॅक चार इंच उंच केला, तर हा फायदा मिळत नाही आणि वर सगळ्यात खालच्या स्थितीत जॅकची उंची वाढून पंक्चर झालेल्या चाकाच्या ॲक्सलखाली तो जाईनासा होतो. हवेची चाके घेऊ नयेत. ती भाराखाली दबतात आणि जॅक डोलू लागतो. भरीव रबराची चाके घ्यावीत.

भोसरी एमआयडीसीत असे काम सफाईने करून देणारे फॅब्रिकेशनवाले आहेत, पण त्यांना कागदावर रेखाटन काढून द्यावे आणि काही गोष्टी बजावून सांगाव्यात. हायड्रॉलिक सिलिंडरच्या जवळपास वेल्डिंग करायचे नाही, कारण उष्णतेने आतली रबरी सील जातात आणि ते लगेच कळत नाही. हात जिथे खिळलेला असतो तेथे बाजूच्या पट्ट्यांना भोके पाडायची नाहीत. पत्रा शक्यतो मूळ चाकांच्या ॲक्सलच्या जागा वापरून, नट-बोल्टने आवळून बसवायचा; तो उद्या काढताही आला पाहिजे. पत्रा 60 बाय 35 सेंटिमीटरचा धरला, तर 5 मिलिमीटर लोखंडाचे वजन 8 किलोंहून थोडे अधिक होते आणि 6 मिलिमीटर ॲल्युमिनियमचे साडेतीन किलोंच्या आत राहते. तीन टनी जॅक मुळातच 30 किलोंच्या घरात असतो, त्यामुळे मी ॲल्युमिनियमच्या बाजूचा आहे. जॅकमध्ये असा बदल केल्यावर उत्पादकाची हमी संपते, हेही मान्य करूनच पुढे जावे.

फळी असो वा पत्रा, वापरण्याची रीत एकच. जागेवरचे दगड आणि चिखलाचा वरचा थर फावड्याने काढून तळ सपाट करावा. गाडी दोन-तीन सेंटिमीटर उचलून थांबावे आणि जॅक एका बाजूला कलतो आहे का, हे चारही बाजूंनी पाहावे. कलत असेल तर गाडी खाली घेऊन तळ पुन्हा करावा. कललेल्या जॅकवर आणखी पंप मारून तो कधीही सरळ होत नाही. चाक काढण्यापूर्वी स्टेपनी चॅसीच्या खाली आडवी सरकवून ठेवावी आणि चाक निघाले की स्टेपनीच्या जागी ते काढलेले चाक ठेवावे. जॅकने दगा दिला, तर गाडी त्या चाकावर टेकते आणि ब्रेकच्या ड्रमखाली हात किंवा पाय सापडत नाही. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये, आणि जॅक स्टँड वापरायचे असतील तर त्यांच्याही खाली प्लायचे तुकडे हवेत, कारण त्यांचे पाय जॅकच्या चाकांइतकेच अरुंद असतात.

प्रश्न : गाडीला मोठे टायर आणि लिफ्ट किट (गाडीची उंची वाढवणारा सुट्या भागांचा संच) आहे. जॅक पूर्ण वर गेला तरी चाक जमिनीवरून सुटत नाही. वाटीवर बसवण्यासाठी एक फूट उंचीचा लोखंडी पाइप लेथवर करून घ्यावा असा विचार आहे. सध्या मी लाकडाचा ठोकळा ठेवतो.
— एक वाचक, वाकड

उत्तर : लाकडाचा ठोकळा आजपासून बंद करावा. वाटी आणि ॲक्सल यांच्यामध्ये सुटा ठेवलेला ठोकळा, जॅक थोडासा सरकला तरी निसटतो. एक फुटाचा पाइपही नको. उंची वाढते तसा आडवा जोर त्याच प्रमाणात वाटीच्या खिळीवर येतो, आणि ती खिळी फक्त सरळ खाली येणारा भार पेलण्यासाठी केलेली असते.

आधी जॅक कोठे लावता ते पाहू. चॅसीखाली जॅक लावला, तर गाडी वर गेली तरी स्प्रिंग सैल होत ॲक्सल खालीच लोंबत राहतो. लिफ्ट किट असलेल्या गाडीत ही लोंबण बरीच मोठी असते आणि जॅकची निम्मी उंची तिच्यातच खर्ची पडते. मागे अखंड ॲक्सल असेल, तर जॅक ॲक्सलच्या नळीखाली, शक्य तितका चाकाच्या जवळ लावावा. मग चाक सुटण्यासाठी आणि त्या जागी हवा भरलेली स्टेपनी चढवण्यासाठी थोडीच उचल पुरते. मधल्या डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या) गोळ्याखाली मात्र मऊ जमिनीवर जॅक लावू नये. दोन्ही चाके एकदम सुटतात आणि गाडी एका बिंदूवर तोलली जाते. थारप्रमाणे पुढचे सस्पेन्शन स्वतंत्र असेल, तर पुढे मालकपुस्तिकेत दाखवलेलीच जागा वापरावी.

चॅसीखालीच जॅक लावणे भाग पडले, तर उचलण्यापूर्वी रॅचेटचा पट्टा घेऊन ॲक्सल चॅसीशी आवळून बांधावा. ॲक्सल खाली लोंबत नाही आणि तेवढी उंची फुकट वाचते. पट्टा ब्रेकच्या नळ्यांवरून जाणार नाही, एवढी काळजी घ्यावी.

याउपर उंची कमी पडत असेल, तर ती जॅकच्या वरून न घेता खालून घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. पहिल्या उत्तरातील फळीखाली तेवढ्याच लांबी-रुंदीचा लाकडी ओंडक्यांचा थर, एकमेकांना बोल्टने जोडून, घालता येतो. रुंद पायावर मिळालेली 10 सेंटिमीटर उंची अरुंद वाटीवर मिळालेल्या तेवढ्याच उंचीपेक्षा कितीतरी स्थिर असते. वाटीवर उंची हवीच असेल, तर मूळ वाटी काढून तिच्याच भोकात बसणारी, पाठीमागून पिनने अडकणारी आणि वर ॲक्सलच्या गोलाईला साजेसा खाचा असलेली जोडणी करून घ्यावी. तिची उंची 10 ते 15 सेंटिमीटरपलीकडे नेऊ नये आणि ती लावल्यावर जॅकच्या लिहिलेल्या क्षमतेच्या निम्माच भार धरावा.

प्रश्न : माझ्याकडे जिम्नी आहे. घाटात चढावर टायर बदलण्याची वेळ आली, तर हँडब्रेक आणि गिअर पुरेसे आहेत का?
— एक वाचक, धनकवडी

उत्तर : गिअरवर विसंबू नये. टू-व्हील ड्राइव्हमध्ये इंजिनची पकड फक्त मागच्या चाकांवर असते, आणि मागचे एक चाक उचलले की साध्या डिफरन्शियलमुळे ते हवेतले चाक मोकळे फिरू शकते व जमिनीवरचे चाक अडवले जात नाही. ऑटोमॅटिक गाडीतील पार्किंगची स्थितीही याच कारणाने निकामी ठरते. म्हणून गाडी उभी असतानाच, उचलण्यापूर्वी, फोर-लो (चारही चाकांना ताकद देणारी हळू गतीची स्थिती) टाकून पहिला गिअर टाकावा. मग पुढचा ॲक्सलही जोडला जातो आणि त्याची दोन्ही चाके जमिनीवर असल्यामुळे गाडी धरून ठेवतो. हँडब्रेक अर्थातच ओढलेला हवा. विलीजच्या वंशातील काही जुन्या जिपांमध्ये हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या (पुढच्या व मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे शाफ्टवर असतो; अशा जिपेचे मागचे एक चाक उचलले की हँडब्रेकही सुटल्यासारखाच होतो. या जिपा पुण्यात आजही हौसेने जपल्या जातात, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे.

जमिनीवर राहणाऱ्या चाकांना उताराच्या बाजूने लाकडी पाचर किंवा मोठे दगड लावावेत. जॅकची फिरण्याची दिशा उताराच्या दिशेशी जुळू देऊ नये, नाहीतर जॅक फळीवरून आपोआप चालू लागतो. आणि चढावर उभ्या गाडीच्या मागे, म्हणजे उताराच्या बाजूला बसून जॅकची दांडी हलवण्याची वेळ येत असेल, तर काम तेथे करूच नये. पंक्चर झालेल्या चाकावर सावकाश जात सपाट जागा गाठावी. टायर त्यात वाया जाईल, कदाचित रिमही वाकेल. तरी तेच करावे.

प्रश्न : जॅक गाडीच्या डिकीत ठेवल्यापासून त्यातून तेल गळते आणि पंप मारला की हात स्पंजासारखा मऊ लागतो. घरी ब्रेक ऑइल आहे, ते भरले तर चालेल का?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : ब्रेक ऑइल मुळीच भरू नये. डॉट 3 आणि डॉट 4 प्रकारचे ब्रेक ऑइल ग्लायकोलवर आधारलेले असते, तर जॅकमधील सील खनिज तेलासाठी बनवलेली असतात. ब्रेक ऑइलने ती फुगतात आणि जॅक भाराखाली हळूहळू बसू लागतो. हायड्रॉलिक जॅकसाठीचे तेलच घ्यावे. बहुतेक जॅकना व्हीजी 22 किंवा 32 श्रेणीचे तेल चालते, तरी आपल्या जॅकच्या पुस्तिकेत कोणते सांगितले आहे ते पाहावे.

हात मऊ लागतो याचा अर्थ आत हवा गेली आहे. जॅक सपाट जागेवर ठेवून हात पूर्ण खाली आणावा, रबरी बूच काढून भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तेल भरावे, मग सोडण्याचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून दहा-पंधरा वेळा पंप मारावा आणि पातळी पुन्हा पाहावी. गळती बहुधा त्या बुचातूनच होते, कारण खडबडीत वाटेवर जॅक आडवा पडतो. तो नेहमी चाकांवर उभा, हात खाली आणि व्हॉल्व्ह बंद अशा स्थितीत, दोन पट्ट्यांनी डिकीतील कड्यांना घट्ट बांधून न्यावा. अपघाताच्या वेळी 30 किलोंचा सुटा जॅक पुढच्या सीटपर्यंत येऊ शकतो, म्हणून मुले मागे बसणार असतील तर बांधणी स्वतः ओढून तपासावी. चिखलातून परतल्यावर सिलिंडरमधून बाहेर येणाऱ्या दांड्याचा उघडा भाग ओल्या फडक्याने पुसून मगच हात खाली करावा. मुरमाचा एखादा कण सीलमधून आत गेला, तर दांड्यावर चरा पडतो आणि नवे सील टाकूनही गळती थांबत नाही. सुरक्षेच्या व्हॉल्व्हचा स्क्रू, म्हणजे क्षमतेपेक्षा अधिक भार आल्यास तेल परत सोडणारा स्क्रू, कोणी आवळून "ताकद वाढवून" देत असेल तर त्याला जॅक देऊ नये.

प्रश्न : एवढे सगळे करण्यापेक्षा उंच दांड्याचा फार्म जॅक घेणे बरे नाही का?
— एक वाचक, पिंपळे सौदागर

उत्तर : तो हलका आहे आणि उंच उचलतो, हे खरे आहे. पण त्याचा पाया तळहाताएवढा असतो, म्हणून फळी त्यालाही लागतेच. तो लावायला भक्कम लोखंडी बंपर किंवा खास बसवलेली बाजूची पाइप लागते. कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक नव्या गाड्यांवर तशी जागा नसते. भाराखाली दांडी हातातून सुटली तर ती वेगाने वर उसळते आणि जबडा फोडू शकते. रुतलेली गाडी ओढण्यासाठी, किंवा चाक वर घेऊन खाली दगड भरण्यासाठी, अनुभवी माणसाच्या हातात तो उत्तम आहे. कुटुंबासह जाणाऱ्या आणि मुख्यतः टायर बदलण्याचीच गरज पडणाऱ्या माणसाने मात्र फळीसह फ्लोअर जॅक न्यावा. गाडी लहान असेल आणि डिकीत जागा नसेल, तर त्याच फळीचा अर्धा तुकडा आणि तीन टनी बॉटल जॅक हा पर्याय घ्यावा. बॉटल जॅक सरळ वर जातो, त्यामुळे त्याला सरकायला वाव द्यावा लागत नाही आणि 45 बाय 40 सेंटिमीटरची फळी पुरते.